गुहागर ते गणपतीपुळे एका दिवसात सायकलने: या चुका टाळा

नकाशावर गुहागर ते गणपतीपुळे अंतर साधारण ६० किलोमीटर दिसतं. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड, मग मालगुंड आणि गणपतीपुळे. सपाटीवर ताशी २० ने चालवणारा हिशेब मांडतो: तीन तास, दुपारचं जेवण गणपतीपुळ्यात. इथेच गाडं अडतं, आणि दिवसभरातल्या बाकीच्या बहुतेक चुका याच हिशेबाच्या पोटी येतात.

किनाऱ्याचा रस्ता सपाट समजणं

गावं खाली खाडीच्या तोंडाशी, नारळी-पोफळीत. दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, आणि त्याच्या उतारांवर झाडी. रस्ता दर वेळी समुद्रसपाटीवरून सड्यावर चढतो आणि पुढच्या गावात पुन्हा उतरतो. एकेक चढ फार लांब नसतो, पण उभा असतो, आणि एक संपला की दुसरा हजर. सरासरी वेग ताशी १२ ते १४ धरा, थांबे वेगळे. पुढे ३४ दात्यांची आणि मागेही ३४ दात्यांची चकती असेल तर सामानासकट चढता येतं. सिंगल स्पीडवाल्यांनी सायकल ढकलायची तयारी ठेवावी. त्यात लाज कसली, फक्त तो वेळ आधीच धरावा.

पेडलवर सगळा जोर असताना गिअर बदलू नका, चेन तुटण्याची ती हमखास रीत आहे. चढ अंगावर येण्याआधीच हलका गिअर घ्या. सायकल बसच्या टपावरून किंवा टेम्पोतून आणली असेल तर निघण्याआधी मागून पाहा: डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाच्या) दोन्ही छोट्या चकत्या वरच्या दात्यांच्या सरळ रेषेत हव्यात. हँगर, म्हणजे डिरेलर सायकलला जोडणारी पट्टी, वाकला असेल तर सर्वांत हलक्या गिअरवर डिरेलर आऱ्यांना टिकटिक लागतो. तो गिअर वापरू नका. चढावर डिरेलर आऱ्यांत शिरला की दिवस तिथेच संपला. हँगर सरळ असूनही चेन मोठ्या चकतीवर चढायला कुचराई करत असेल, तर केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला गोल स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा आणि पुन्हा तपासा.

उतारावर ब्रेक धरून बसणं

सड्यावरून गावात उतरणाऱ्या वळणांवर जांभ्याचा बारीक खडा पसरलेला असतो आणि समोरून एसटी येते. वेग वळणाआधी कमी करा, वळणात नाही. रिम ब्रेक सलग दाबून ठेवला की रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. पुढचा-मागचा आलटून पालटून दाबा, मध्ये सोडा. ब्रेक शूवरच्या खाचा बुजल्या असतील तर घरीच बदला. पावसाळा सरताच गेलात तर झाडीतल्या सावलीच्या पट्ट्यांत रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं.

फेरी हुकवणं

वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या आणि दिवसाची आखणी उलट्या बाजूने, फेरीच्या वेळेवरून करा. बोट हुकली आणि पुढची मिळाली नाही, तर राई-भातगाव पुलाचा वळसा पडतो, तोही चढ-उतारांचाच. तिकिटाला सुटे पैसे जवळ ठेवा. जेटीचा उतार ओहोटीला उघडा पडतो आणि बुळबुळीत असतो. तिथे चालवू नका, उतरून चाला. जयगडच्या बाजूला बंदराची अवजड वाहतूक असते, मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

दिशाही अशीच आधी ठरवा. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना तो मागून किंवा बाजूने लागतो. उलट दिशेने निघालेल्यांना थकव्याच्या वेळीच समोरून.

पंक्चर काढताना घाई

नवी ट्यूब टाकली आणि पाच मिनिटांत पुन्हा हवा गेली, याचं कारण बहुधा टायरमध्येच राहिलेला काटा. टायरवरची कंपनीची छाप नेहमी व्हॉल्व्हपाशी येईल असा टायर चढवा. मग ट्यूबला भोक सापडलं की टायरवर काटा नेमका कुठे ते कळतं. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, काटा कापूस पकडतो आणि बोटही वाचतं.

भोकाची जागा कारण सांगते. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चेपली. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमची पट्टी सरकली आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर पंप ओढाताण करून वापरला, आणि तिथे पॅच टिकत नाही. ३२ मिमी टायरला ७० किलोच्या माणसासाठी ५५ ते ६० पीएसआय पुरे. सोल्यूशन लावून चकाकी जाईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, थांबा. ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अॅडॉप्टर न्या, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्यावर बसत नाही.

नुसतं पाणी

सड्यावर सावली नाही, दुकान नाही, आणि गावातली दुकानं दुपारी बंद असतात. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरून दोन बाटल्या भरलेल्या ठेवा. एकीत साधं पाणी. दुसरीत ओआरएस, किंवा एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवू नका. मीठ घातलेलं कोकम सरबतही चालतं. डोकं दुखून मळमळायला लागलं तर सावलीत बसा, ‘एवढा चढ संपवूया’ नको.

मोबाइलच्या नकाशाचा जवळचा रस्ता

कधी कधी ती पाखाडी निघते: पायऱ्या, आणि खांद्यावर सायकल. शंका आली तर गावात विचारा. नकाशा आधीच उतरवून ठेवा, घळींत रेंज जाते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं.

पुळणीवर सायकल

ओहोटीची ओली, घट्ट वाळू पाहून मोह होतोच. चाकांनी उडवलेलं खारं पाणी हबमध्ये आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये शिरतं. काही दिवसांनी कुरकुर सुरू होते, ती तेलाने जात नाही. फोटो हवा तर सायकल उचलून न्या. चालवलीच असेल तर मुक्कामी पोचताच बादलीभर गोडं पाणी हलक्या हाताने ओता, पाइपचा जोराचा फवारा नको, तो मीठ आणखी आत ढकलतो. फडक्याने कोरडी करा आणि चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब द्या. पेडल उलटे फिरवून बाहेरचं तेल पुसून टाका, नाहीतर सकाळी त्यावर वाळूच बसते.