ठासणीच्या बंदुकीला काडतुसाच्या बंदुकीची नळी : ही चूक टाळा

गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत ज्यांनी काजूच्या बागायती आणि कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) पिढ्यान्‌पिढ्या राखली, अशा काही घरांत ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू, बोळा आणि छरे ठासून भरायची, एकनळी बंदूक आजही परवान्यावर आहे. पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा 1959 च्या शस्त्र कायद्यात नाव घेऊन उल्लेख आहे, तेव्हा परवान्यावर ती बाळगण्यात काही गैर नाही. अडचण सुरू होते ती नळी आतून गंजून तिला खड्डे पडल्यावर. मग कोणीतरी सुचवतो की मोडीत निघालेल्या, काडतूस वापरणाऱ्या बारा बोअरच्या बंदुकीची नळी घ्यावी, मागून बंद करावी आणि जुन्या दस्त्यावर बसवावी, कारण पोलाद नवे आहे आणि ठासणीत वापरायच्या काळ्या दारूचा दाब तर कमीच असतो. हा सल्ला ऐकायला पटतो, म्हणूनच तो जास्त घातक आहे.

चूक पोलादाच्या ताकदीबद्दल नाही, नळीच्या रचनेबद्दल आहे. काडतुसाच्या बंदुकीत नळीचे मागचे तोंड उघडे असते आणि बार उडताना मागे येणारा जोर बंदुकीच्या सांगाड्याचा जाड पोलादी भाग अडवतो. ठासणीच्या बंदुकीत तो सगळा जोर नळीतच आट्यांनी घट्ट बसवलेल्या बुचावर येतो. जी नळी असे बूच धरण्यासाठी घडवलेलीच नाही, तिच्यात ते कितीही नीट बसलेले दिसले तरी प्रत्येक बाराला थोडे थोडे सैल होऊ शकते, आणि ते सुटलेच तर चेहऱ्याच्या दिशेने येते. वेल्डिंग करून ते पक्के करू म्हणणारे लक्षात घेत नाहीत की त्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचा गुण बदलतो, आणि बारीक तडा आत गेला तर तो डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या घराची. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण 18.5 मिलिमीटर असतो, पण काडतूस जिथे बसते ते मागचे घर 20 मिलिमीटरपेक्षा किंचित रुंद असते. काडतुसाचे कवच ती जागा भरून काढते आणि वायू मागे निसटू देत नाही. कवचच नसेल तर पुढच्या अरुंद नळीतून ठासलेला बोळा (दारूवर दाबून बसवायचा काथ्याचा गोळा) त्या रुंद घरात सैल पडतो, दारूवर नीट दाबून बसत नाही, आणि दारू व बोळा यांच्यात पोकळी राहते. अशी पोकळी राहिली की नळी फुगण्याचा किंवा फाटण्याचा धोका असतो. शिवाय अनेक नळ्या तोंडाशी मुद्दाम अरुंद केलेल्या असतात (याला चोक म्हणतात), फुल चोकमध्ये जवळपास 1 मिलिमीटरने, त्यामुळे तोंडातून नेलेला नेमका बोळा आत पोचेपर्यंत मापाला कमी पडतो.

नळीवरचे चाचणीचे शिक्के पाहूनही अनेकांचा गैरसमज होतो. तो शिक्का त्या नळीची, त्या बंदुकीवर, त्या प्रकारच्या काडतुसासाठी झालेली चाचणी सांगतो. नळी कापली, बंद केली किंवा भोक पाडले की त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही. उलट दिशेची चूक तर याहून भयंकर आहे : ठासणीच्या बंदुकीत आधुनिक, धूर न करणारी दारू भरणे. तिचा दाब काळ्या दारूपेक्षा फार वेगाने चढतो आणि थोड्याशा मापातही नळी फुटू शकते.

कायद्याची बाजू कमी महत्त्वाची नाही. शस्त्रात असा फेरबदल करण्यासाठी शस्त्र कायद्याच्या कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो, आणि बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुनी बंदूक म्हणजे पुराणवस्तू, तिला परवाना कशाला, असेही गावात बोलले जाते. पण ती सूट दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा शस्त्रालाच आहे. परवानाधारक वारला तर वारसाने बंदूक विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि पुढील अर्ज करावा. नळी खराब झाली असेल तर परवाना असलेल्या कारागिराला दाखवावी. तो नाही म्हणाला तर तिथेच थांबावे.

याच्याही आधी एक तपासणी करावी असे मला मनापासून वाटते. आमच्या माजघरातील आजोबांची बंदूक रिकामी आहे असे घरात सगळेच धरून चालले होते. काकांनी नळीचे तोंड उघड्या मातीकडे वळवून, स्वतः बाजूला उभे राहून ठासणीचा गज आत सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीला लावला. टोक निपलपासून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बार पेटवणारी टोपी जिथे बसते तिथपासून, जवळजवळ वीतभर अलीकडे थांबले. आत अनेक वर्षांपूर्वी ठासलेला बार होता. काढण्याचा उद्योग आम्ही केला नाही. पोलीस ठाण्याला कळवले आणि परवानाधारक विक्रेत्याने तो ओल घालून बाहेर काढला. काथ्याचा बोळा, कुजून काळा झालेला, त्याच्या टेबलावर पडला तेव्हा कोणी काही बोलले नाही.

मुळात नळी खराब होते ती बहुधा आपल्या पावसाळ्यामुळे. काळ्या दारूची राख हवेतील ओल ओढून घेते, म्हणून नेमबाजीनंतर त्याच दिवशी नळी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खोबरेल तेल लावण्याची जुनी सवय सोडावी, ते कालांतराने चिकट होते. बंदूक चिऱ्याच्या भिंतीला टेकवून किंवा चामड्याच्या आवरणात ठेवू नये, कारण जून ते सप्टेंबरमध्ये दोन्ही ओल धरतात. कुलूपबंद, कोरड्या लाकडी कपाटात ठेवावी आणि महिन्यातून एकदा नळीत पांढरे फडके फिरवून त्यावर तांबूस डाग उठतो का ते पाहावे.