बेसमेंटमधली बेसबॉल कार्डं विकताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये एक खोका पडून असतो. मुलं शाळेत असताना, 1988 ते 1992 च्या सुमारास, खाऊच्या पैशांतून जमवलेली, खेळाडूंची चित्रं असलेली बेसबॉल कार्डं. मुलं आता चाळिशीपार, घर विकायला काढलेलं, आणि तेवढ्यात कुणीतरी सांगतं की 2022 मध्ये मिकी मँटल या गाजलेल्या बेसबॉलपटूचं एक कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. झालं, खोका वर येतो.

'जुनं म्हणजे महाग' ही पहिली चूक आणि सगळ्यात महागाची. मँटलचं ते कार्ड टॉप्स कंपनीचं, 1952 चं. त्या वर्षीचा न खपलेला माल पुढे समुद्रात बुडवला, असं ती कार्डं घडवणारे साय बर्जर स्वतः सांगत. जी मुलांच्या हाती पडली, तीही खेळून खेळून झिजली. तुमच्या खोक्यातल्या वर्षांचं नेमकं उलटं आहे. तेव्हा कंपन्यांनी बेसुमार छापली आणि पुढे भाव येईल म्हणून प्रत्येकाने जपली. या काळाला संग्राहक 'जंक वॅक्स' म्हणतात. पुडकी मेणकागदाची असत म्हणून 'वॅक्स', 'जंक' कशाला ते वेगळं सांगायला नको.

तरी खोका डोळे मिटून देऊन टाकू नका. अपर डेक कंपनीच्या 1989 च्या संचातलं, 1 क्रमांक छापलेलं केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड, तिच्याच 1993 च्या 'एसपी' संचातलं डेरेक जीटरचं, आणि 1990 च्या टॉप्समधलं फ्रँक थॉमसचं ते कार्ड ज्याच्या पुढच्या बाजूला त्याचं नावच छापायचं राहिलं, अशी मोजकी बाजूला काढा. उरलेली हजार-दोन हजार कार्डं सुटी विकत बसू नका. एकगठ्ठा लॉट करा आणि मोकळे व्हा.

खोक्यात 1952 चा मँटल सापडलाच, तर नाचण्याआधी पट्टी घ्या. टॉप्सने 1983 मध्ये त्या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली होती. अस्सल कार्ड 2⅝ × 3¾ इंचांचं, पुनर्मुद्रण 2½ × 3½ इंचांचं. दोन मिनिटांत निकाल.

आता हात आवरण्याबद्दल. ओल्या फडक्याने पुसणं, दुमडलेला कोपरा नखाने सरळ करणं, फाटक्या कडा कातरणं, यातलं काहीही करू नका. किंमत कोपऱ्यांत आणि कडांत असते. कातरलेलं कार्ड, कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या ओळखतात आणि त्याला आकडी ग्रेड नाकारतात. होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूच्या एका सुप्रसिद्ध कार्डाच्या (शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून येणाऱ्या टी-206 संचातल्या) कडा आपण कातरल्या होत्या, असं लिलाववाले बिल मास्त्रो यांनी 2013 मध्ये कबूल केलं, पण तोवर ते कार्ड अनेक श्रीमंत हातांतून फिरून आलं होतं. तुमच्या कार्डाला असं नशीब लाभणार नाही.

ग्रेडिंग म्हणजे पीएसएसारख्या कंपनीकडून 1 ते 10 मध्ये गुण घेऊन कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करून आणणं. टपाल धरून कार्डामागे पंचवीस-तीस डॉलर तरी सहज जातात. पाच डॉलरच्या कार्डाला हे म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. आधी ईबेवर जाऊन, ते कार्ड 9 गुणांचं असताना कितीला गेलं ते बघा. इथेही लोक फसतात, कारण समोर दिसतात त्या विकणाऱ्याने मागितलेल्या किमती. मागायला काय, कुणीही हजार मागेल. 'सोल्ड आयटम्स' हा फिल्टर लावा.

महिनाभर गिऱ्हाईकच येत नसेल, तर बहुतेक वेळा फोटोत खोट असते. चमकणाऱ्या आवरणातून काढलेल्या फोटोत कोपरे दिसत नाहीत. दोन्ही बाजू, चारही कोपरे, साध्या उजेडात टिपा.

दुकानदाराने बाजारभावाच्या निम्मे सांगितले तर चिडू नका. दुकानाचं भाडं आणि पडून राहणारा माल तो सोसतो. मात्र ती मोजकी कार्डं आणि लॉट यांचा भाव वेगवेगळा विचारा.

करात दीर्घकालीन नफ्यावर शेअर्सचा दर लागेल असं गृहीत धरू नका. संग्राह्य वस्तूंवर तो 28 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आणि पाठवताना कार्ड आधी प्लास्टिकच्या पातळ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. तोंड बंद करायला रंगाऱ्यांची निळी टेप वापरा. साध्या चिकटपट्टीचा गोंद टॉपलोडरला धरून बसतो, आणि ती ओढून काढताना कार्ड निसटून कोपरा दबतो.