पोरीसोबत पोलीस ठाण्यात जायचं असेल तर

जिच्यावर बलात्कार झाला त्या पोरीसाठी हे मी नाही लिहून राहिली, तिला त्या वेळेस मोबाइल उघडून वाचायचं भान नसते. हे तिच्या काकूसाठी, मोठ्या बहिणीसाठी, आशाताईसाठी, म्हणजे जिच्या दारावर रात्री दहाला येऊन कोणी हळूच म्हणते "बाई, जरा आमच्या घरी चाला ना", तिच्यासाठी आहे. मी अशी तीनदा गेली. पहिल्या वेळेस मला काहीच माहीत नव्हतं आणि माझ्या डोळ्यासमोर पोरीच्या मायनं कपडे धुऊन दोरीवर टाकले, मीच म्हटलं होतं धुऊन टाका म्हणून. ते अजून टोचते.

तर पहिले कपडे. धुवायचे नाहीत, आंघोळ नाही, जमलं तर लघवीलाही डॉक्टरकडे पोचेपर्यंत थांबायचं. कपडे कागदी पिशवीत नाहीतर सरळ पेपरात गुंडाळा, पन्नीत म्हणजे प्लास्टिकमध्ये नको, पन्नीत ओल राहते आणि बुरशी धरते. ओले असले तर सावलीत वाळवून मग गुंडाळा. जिथं झालं ती जागा, वावरातली झोपडी असो की गोठा, सारवू नका झाडू नका. आणि हे सगळं आधीच धुऊन-पुसून झालं असलं तरी घरी बसायचं नाही, जायचंच. पुरावा कमी झाला म्हणजे केस संपली असं नसते, तिचं बयाण भरवशाचं वाटलं तर एकट्या तिच्या बयाणावरही शिक्षा होते, सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या गुरमीत सिंग केसमध्ये हे सांगून ठेवलं आहे. उशीर झाला असेल तर का झाला ते तक्रारीत लिहायला लावायचं: बाप बाहेरगावी होता, धमकी होती, बस नव्हती, जे खरं असेल ते.

आता लोक विचारतात पहिले दवाखाना की ठाणं. रक्त जात असेल, दुखत असेल तर सरळ दवाखाना. एफआयआर दाखवा मग हात लावू असं म्हणता येत नाही, सरकारी असो की खाजगी, पहिला उपचार फुकट द्यायचाच आहे आणि नाही म्हटलं तर तो गुन्हा आहे. पोलिसांना कळवायचं कामही दवाखान्याचंच. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, लेडी डॉक्टर नसते हे आपल्याला माहीतच आहे, पण फक्त तेवढ्या कारणावरून मोठ्या बाईला परत पाठवता येत नाही, पुरुष डॉक्टर बाई कर्मचारी सोबत ठेवून तपासू शकतो. अठराच्या खालची पोरगी असेल तर मात्र लेडी डॉक्टरच पाहिजे, मग ग्रामीण रुग्णालय नाहीतर जिल्ह्याचं गाठा.

तिथं दोन गोष्टी आठवणीनं मागायच्या, कारण आपण मागितल्याशिवाय कोणी बोलत नाही: दिवस राहू नये म्हणूनची गोळी, आणि एचआयव्ही होऊ नये म्हणूनची औषधं. ही औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गोळीही जेवढी लवकर तेवढी चांगली. तपासणीला तिची मर्जी लागते, एखाद्या भागाला नाही म्हणू शकते. आणि कोणी बोटं घालून "सवय आहे का" पाहायला लागलं तर तिथंच थांबवा. ती टेस्ट करणारा दोषी धरला जाईल असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं.

ही उलट पोरीवरच शंका घ्यायची खोड किती जुनी आहे ते आपल्या भागातल्या बायांना माहीत पाहिजे. १९७२ साली देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या, ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी पोरीवर पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि पुढे सुप्रीम कोर्टानं सोडून दिलं, अंगावर जखमा नाही, ओरडली नाही, म्हणून. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. आज तर लिहूनच ठेवलं आहे की प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं होत नाही. तरी परवाही एक जण मला म्हणाला "खरचटलं तर कुठंच नाही बाई". वडशाच्या त्या गोष्टीला पन्नास वर्षं झाली अन् हे अजून तिथंच.

आता ठाणं. बयाण बाई पोलीसच घेते, नसेल तर बोलवायचं काम त्यांचं. "हद्द आमची नाही" म्हटलं तर झिरो एफआयआर म्हणा, कोणत्याही ठाण्यात लिहून घ्यावाच लागतो, मग ते पाठवतील बरोबर ठाण्यात. आम्हाला एका ठाण्यात चार तास बाकावर बसवलं होतं, साहेब जेवायला गेले, साहेब बंदोबस्तात आहेत. मग मी पोलिसांचा ११२ नंबर लावला आणि त्याच ठाण्यात बसून सांगितलं की ठाण्यात बसलो आहोत, कोणी लिहून घेत नाही. दहा मिनिटांत कागद निघाला. बलात्काराची तक्रार लिहून न घेणं हा पोलिसासाठीच गुन्हा आहे. तरी नाहीच ऐकलं तर एसपी साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, रजिस्टर पोस्टानं तक्रार पाठवा, पावती जपून ठेवा.

खरी मेख शब्दांत आहे. आपल्याकडे बाई म्हणते "त्यानं हात धरला", "वंगाळ काम केलं", "इज्जत घेतली", आणि लिहिणारा लिहितो विनयभंग. विनयभंग वेगळा, बलात्कार वेगळा, शिक्षेत जमीन-आसमानाचा फरक आहे, बलात्काराला कमीत कमी दहा वर्षं. आणि बोट किंवा वस्तू घातली तरी कायद्यानं तो बलात्कारच आहे, २०१३ पासून. म्हणून लाज बाजूला ठेवून काय केलं ते जसंच्या तसं तिच्याच बोलीत सांगू द्या. आपण मधात बोलायचं नाही, शिकवायचंही नाही, शिकवलेलं पुढे कोर्टात बरोबर उघडं पडते. लहान पोरगी कोरकू, गोंडी, कोलामी बोलत असेल तर दुभाषी द्या म्हणा, अठराच्या खालच्या पोरांसाठीच्या पॉक्सो कायद्यात लिहिलेलं आहे. शेवटी वाचून दाखवा म्हणा, मग सही, आणि कॉपी फुकट हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. घर अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि करणारा त्यातला नसेल तर अ‍ॅट्रॉसिटीची कलमं लागली का तेही तिथंच विचारा, त्याचा तपास डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक, करतात आणि सरकारी मदतही वेगळी मिळते.

घरी आल्यावर दुसरी फौज येते. पाटील, मामाजी, तंटामुक्तीचा अध्यक्ष, "पोरीचं लगन व्हायचं आहे, मिटवून टाका, दोन एकर लिहून देतो." बलात्कार मिटवता येत नाही, ना तंटामुक्तीत ना कोर्टाबाहेर. कधी कधी त्याच पोट्ट्यासोबत लगन लावायचं काढतात, मायबाप ऐकतातही, आणि त्या पोरीला जन्मभर त्याच्याच चुलीपाशी बसवतात. हे बोलणारा माणूस आला की मी त्याला चहा देतो आणि त्याचं नाव, तारीख वहीत लिहितो, त्याच्यासमोर. पुन्हा येत नाही.

वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीत जा. सरकारी मदतीच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात होतो. पोरीचं नाव, फोटो गावच्या ग्रुपवर टाकलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे, तिची बाजू घ्यायला टाकलं असलं तरी, तेव्हा आपलेच पोट्टे आवरा.

केस लांबते. तपास दोन महिन्यांत व्हावा असं कायदा म्हणतो, पण तारखा पडत राहतात, म्हणून सगळे कागद एका पिशवीत आणि एक झेरॉक्स दुसऱ्याच घरी. प्रत्येक तारखेला एक बाई सोबत, पाळी लावून घ्या, रोजी बुडते म्हणून बचत गटातून भाडं काढा.

आणि तिला सारखं "झालं ते विसर" म्हणू नका, उगाच रडूही नका तिच्यासमोर. निंदणाला बाया जमल्या की तिच्या घरावरून जातानी नेहमीसारखा आवाज द्या. ती नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या.