सुडोकू नंतर सोडवा, आधी कान तपासा

कोल्हापुरात आमच्या आबांनी संध्याकाळी कट्ट्यावर जायचं सोडलं, तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं: वय झालं, विसरायला लागलेत. 'पंचगंगेला पाणी चढलंय का?' विचारलं, तर उत्तर यायचं, 'जेवलो की!' विसर कसला, त्यांना ऐकूच येत नव्हतं.

म्हणून स्मरणशक्ती जपायची तर पहिलं काम कानाचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नुसता मळ असेल तर तिथल्या तिथे निघतो; नाहीतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी करून कानाचं मशीन घ्यावं लागू शकतं. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण आवरता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात ऐकू कमी येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल ही दोन्ही सगळ्यात वर आहेत. ऐकू येत नाही म्हणून माणूस चारचौघांत बसायचं टाळतो आणि मेंदूचं रोजचं खाद्यच तुटतं. मशीन लावल्यावर सुरुवातीला भांड्यांचा आवाजसुद्धा डोक्यात जातो. आबांनी ते दोनदा कपाटात टाकलं. आधी घरात, शांत खोलीत तासभर लावा. मग वेळ वाढवत कट्ट्यावर न्या.

दुसरं, चाळिशीपासूनच बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल मोजत राहा. बीपीचा वरचा आकडा १३० च्या आत राहिलेला बरा. 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद करू नका. तांबड्या रश्शातल्या तिखटाला उगाच शिव्या नकोत, लक्ष मिठावर ठेवा: दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. लोणचं, पापड, मिसळीवरचं फरसाण, सगळं त्यातच धरायचं.

तिसरं, चालणं. रंकाळ्यावर आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. सोबत कुणीतरी असू द्या.

मग डोक्याचा व्यायाम. रोज शब्दकोडं सोडवलं की माणूस शब्दकोड्यात तरबेज होतो, एवढंच. कपिलतीर्थ मंडईत जाताना यादी खिशात ठेवा, पण बाहेर काढू नका. मेथी, आलं, गवारी आठवून घ्या, हिशेब तोंडी करा, पिशवी भरल्यावर यादी पडताळा. करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक आणलंत, तर वाचलेलं कुणाला तरी सांगा.

तंबाखू सोडाच. सात-आठ तास झोप घ्या. घोरताना श्वास अडकत असेल तर तपासून घ्या.

किल्ली कुठे ठेवली हे कुणीही विसरतं. किल्ली कशासाठी असते तेच सुचेना, किंवा नेहमीची वाट चुकायला लागली, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासायला सांगा. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडू शकतं. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्यासुद्धा. काही गोळ्यांनीच म्हाताऱ्या माणसाला भ्रमल्यासारखं होतं.