जुन्या ट्रॅक्टरची अडकलेली क्रँक पुली कशी काढावी आणि नवी कशी बसवावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी भागातल्या पावसात उघड्यावर राहिलेल्या ट्रॅक्टरची क्रँक पुली, म्हणजे इंजिनच्या पुढच्या टोकाला बेल्ट फिरवणारं चाक, क्रँकच्या शाफ्टला गंजून धरते. पुढे उसाच्या हंगामाच्या तोंडावर पुलीमागचं ऑईल सील गळतं किंवा पुलीची कड उडते, आणि ती काढावीच लागते.

पुली बहुधा बिडाची असते. बीड दाब सोसतं. ओढ आणि ठोका सोसत नाही. पुलर (पुली ओढून काढायचं स्क्रूचं अवजार) बाहेरच्या कडेला अडकवला तर कड तुटते, मागून पहारीने उचकटलं तर पुलीमागचं इंजिनचं झाकण, टायमिंग कव्हर, फुटतं. जोर लावायचा तो फक्त मधल्या जाड हबला.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, मागच्या चाकांना दगड लावा. पुलर फिरवायला जागा पुरत नसेल तर इंजिन थंड झाल्यावर पाणी सोडून रेडिएटर काढा, ओढाताण करू नका. बेल्ट उतरवा. पुलीच्या तोंडापासून टायमिंग कव्हरपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नवी पुली पूर्ण बसली की नाही, ते यावरूनच कळतं.

नटाखालच्या वॉशरचा कान मुडपलेला असेल तर छिन्नीने सरळ करा. वरचा गिअर टाकून एकाने ब्रेक दाबून धरला की इंजिन फिरत नाही. नट सहसा डावीकडे सुटतो. वॉशर काढून घ्या आणि नट परत तीन-चार आटे चढवून ठेवा, म्हणजे पुली एकदम सुटली तरी अंगावर येत नाही.

पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांच्या मधल्या खाचेत लोखंडी पट्टी बसवलेली असते, तिला चावी म्हणतात. आता गिअर न्यूट्रलला आणून चावीची खाच वर येईल इतकं इंजिन हाताने फिरवा. तेल आत शिरायची खरी वाट ही खाचच. डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं) तेल अर्धं-अर्धं मिसळून खाचेत थेंब-थेंब सोडा, तासाभराने पुन्हा, मग रात्रभर ठेवा. बाहेरून ओतलेलं तेल नुसतं खाली गळतं.

सकाळी पुलर लावा. हबला आट्यांची भोकं असतील तर बोल्ट निवडताना जपा: 5/16 इंची आणि 8 मिमीचा बोल्ट दिसायला सारखेच, पण आटे वेगळे. हाताने सहज आत जाईल तोच खरा, आणि निदान 12 मिमी आत गेला पाहिजे, नाहीतर आटे उपटतात. मधला स्क्रू घट्ट करा, त्याच्या डोक्यावर अर्धा किलोच्या हातोडीने हलकेच दोन-तीन ठोके द्या, दहा मिनिटं थांबा, मग पाव फेरा. घणाचा घाव घातलात तर तो क्रँकला मागे-पुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जातो.

तरीही हलली नाही तर उष्णता. त्याआधी सांडलेलं डिझेल कोरड्या फडक्याने पुसा, जवळचं पाचट लांब करा, बादलीभर वाळू हाताशी ठेवा. ब्लो लॅम्प हबभोवती फिरवत ठेवा, शाफ्टवर नको. पाण्याचा थेंब चर्रकन उडाला की पुरे, लाल करायचं नाही. 35 मिमीच्या शाफ्टवर हब 100 अंशांनी जास्त तापला तर भोक जेमतेम 0.04 मिमी मोठं होतं, पण गंजाची पकड सुटायला तेवढं बऱ्याचदा पुरतं. तापलेल्या बिडावर पाणी मारू नका, तडकेल. सील मात्र या आचेत गेलंच समजा, नवं घाला.

पुली मोडीतच काढायची असेल तर ग्राइंडरने बरोबर चावीच्या वर हब चिरा, शेवटचा 1 मिमी छिन्नीने फोडा. ब्लेड थोडं खाली गेलं तरी घाव चावीला बसतो, शाफ्टला नाही.

शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ करा. चावी खाचेत बाजूला हलता कामा नये. पत्र्याचा तुकडा घालून भागवू नका, खाच लवकरच फाटते. खाच झिजली असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर त्या मापाची चावी करून मिळते. हबच्या मानेवर, जिथे सीलचा ओठ घासतो तिथे, नख फिरवा: चर लागला तर नवं सीलही गळणार.

नवी पुली हातोडीने ठोकू नका. सीलच्या ओठावर ग्रीस लावा, पुली चावीवर सरळ धरा, जाड वॉशर आणि नटाने ओढून आत घ्या. लिहिलेलं अंतर जुळलं की जाड वॉशर काढून कानाचा नवा वॉशर घाला, नट घट्ट करा आणि मग कान मुडपा. बेल्ट अंगठ्याने दाबून 10 ते 12 मिमी झुकेल इतका ताणा, इंजिन तासभर चालवून नट पुन्हा तपासा.