सगळ्या थरांतली मुलं असलेली पब्लिक मिडल स्कूल घ्यावी का? आधी हे तपासा

अमेरिकेत मूल पाचवीत गेलं की आपल्याकडच्या आईबाबांची एकच धावपळ सुरू होते, जवळच्या मिडल स्कूलचं (सहावी ते आठवीची शाळा) ग्रेटस्कूल्स या साइटवरचं रेटिंग बघायचं, दहापैकी चार किंवा पाच दिसलं की शाळा बाद, आणि मग दुसऱ्या टाऊनमध्ये घर घ्यायला परवडेल का याचा हिशोब. त्या शाळेत कोणी आत जाऊन बघितलेलंच नसतं. मला मनापासून वाटतं की डॉक्टरची, डिलिव्हरीवाल्याची, नुकत्याच देशात आलेल्या कुटुंबाची मुलं एका वर्गात बसतात अशी शाळा आपल्या मुलांसाठी फार चांगली असू शकते, पण "असू शकते" इतकंच, ती तशी आहे का हे आपणच तपासायचं असतं.

पहिली गोष्ट टेस्ट स्कोअरची. सरासरी स्कोअर बराचसा हे सांगतो की त्या शाळेत कोणाची मुलं येतात. घरात दोन पगार, तिसरीपासून मॅथचा क्लास, उन्हाळ्यात कॅम्प, अशी मुलं जास्त असली की सरासरी वर जाणारच, शाळेनं फार काही नाही केलं तरी. शाळा काय शिकवते हे बघायचं तर ग्रोथ बघा, म्हणजे मूल आत आलं तेव्हा कुठं होतं आणि वर्षभरानं कुठं पोचलं. स्टॅनफर्डचे शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या टेस्टचा डेटा यासाठीच लावलाय, एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी प्रोजेक्ट म्हणून साइट आहे, फुकट आहे, तिथं सरासरी आणि शिकण्याचा वेग हे दोन वेगळे नकाशे दिसतात. ते ताडून बघितले की कळतं, श्रीमंत भागात सरासरी जास्त असते पण वेग जास्त असेलच असं नाही. शिकागोच्या पब्लिक शाळांतली मुलं देशाच्या सरासरीच्या बरीच मागून सुरुवात करतात, पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत जवळजवळ सहा वर्षांचं शिकतात असं रीअर्डन यांना 2017 मध्ये दिसलं होतं. कमी सरासरीची शाळा मुलाला खाली खेचते असं आपण धरून चालतो, पण तशी शाळा हे करू शकेल का?

मग राज्याचं स्कूल रिपोर्ट कार्ड उघडा. 2015 च्या एसा या देशभरच्या शिक्षण कायद्यामुळे प्रत्येक राज्याला गटवार निकाल द्यावे लागतात, कमी उत्पन्नाची मुलं, इंग्लिश शिकणारी मुलं, एशियन, ब्लॅक, हिस्पॅनिक, सगळं वेगवेगळं. आपल्या मुलासारखी मुलं तिथं कशी करतात ते बघाच, पण गरीब घरातली मुलं कशी करतात ते जास्त लक्ष देऊन बघा, कारण घरून मदत नसलेलं मूल ज्या शाळेत पुढं जातं तिथं शिकवणं खरंच चालू असतं. क्रॉनिक ॲब्सेंटीझमचा आकडाही तिथंच मिळतो, वर्षाचे 10 टक्के दिवस, म्हणजे 180 पैकी 18, बुडवणारी मुलं किती. मला हा आकडा रेटिंगपेक्षा जास्त बोलका वाटतो.

शाळेत गरीब घरातली मुलं किती हे बघायला फ्री लंच मिळणाऱ्या मुलांची टक्केवारी वापरतात, तिच्यावर मात्र फार विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी आता अख्ख्या शाळेला जेवण फुकट असतं, न्यूयॉर्क सिटीत 2017 पासून सगळ्यांनाच आहे, त्यामुळे काही साइटवर 100 टक्के दिसतं आणि वाचणारा उगाच घाबरतो. न्यूयॉर्क म्हणूनच इकॉनॉमिक नीड इंडेक्स असा मुलांची आर्थिक गरज दाखवणारा वेगळा आकडा देतं, तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (तुमच्या भागातल्या शाळा चालवणारी यंत्रणा) तसं काही आहे का विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याही साइटवर दिसत नाही. शाळेत सगळ्या थरांतली मुलं आहेत पण ती एका वर्गात बसतात का? मिडल स्कूलमध्ये मॅथचे रस्ते वेगळे होतात, कुणाला आठवीतच अल्जिब्रा वन, म्हणजे एरवी हायस्कूलमध्ये येणारा बीजगणिताचा पहिला कोर्स, कुणाला नाही, आणि हे बऱ्याचदा सहावीच्या सुरुवातीलाच ठरून जातं. टूरला जाल तेव्हा नुसतं ऑडिटोरियम आणि रोबोटिक्स लॅब बघून परत येऊ नका, आठवीच्या अल्जिब्राच्या दारात दोन मिनिटं उभं राहा, मग शेजारच्या साध्या मॅथच्या वर्गाच्या दारात. एका वर्गात सगळे एशियन आणि गोरे चेहरे, हात वर, बोर्ड भरलेला, आणि दुसऱ्यात सगळी बाकीची मुलं गप्प वर्कशीट भरतायत, असं दिसलं तर त्या एका बिल्डिंगमध्ये दोन शाळा चालतात आणि तुमचं मूल त्यातल्या एकीतच जाणार. लंचच्या वेळी कॅफेटेरिया दाखवतात का विचारा, टेबलांवर कोण कोणाबरोबर बसलंय ते लगेच दिसतं.

प्रिन्सिपलला सरळ विचारा, अल्जिब्राला मुलं कशी निवडता, टीचरच्या शिफारशीनं की टेस्टनं की सगळ्यांनाच संधी आहे, आणि सातवीत एखादं मूल मागून तयार झालं तर त्याला आत यायला वाट आहे का. आपल्यातले बरेच जण इथं फक्त "आमच्या मुलाला ॲडव्हान्स्ड मिळेल ना" एवढंच विचारतात. ते विचाराच, त्यात काही चूक नाही, सॅन फ्रान्सिस्कोनं 2014 मध्ये सगळ्यांसाठी आठवीतलं अल्जिब्रा बंद केलं होतं आणि पालक कित्येक वर्षं त्यावर भांडत होते, म्हणजे हा प्रश्न खरा आहे. पण मागून तयार झालेल्या मुलाला वाट आहे का हा दुसरा अर्धा प्रश्नही विचारा, त्याच्या उत्तरावरून शाळा कळते. शिवाय सस्पेन्शन कोणाला होतात, टीचर किती वर्षं टिकतात, आणि ओव्हरनाइट ट्रिपचे पैसे ज्यांना जमत नाहीत त्यांचं काय करतात. शेवटच्या प्रश्नावर "कोणीच मागे राहत नाही, फॉर्ममध्ये एक टिक करायची, कोणाला कळत नाही" असं उत्तर आलं तर समजा इथं कोणीतरी नीट विचार केलाय.

भारतातून नुकतेच आला असाल तर एक. ॲडमिशनच्या वेळी होम लँग्वेज सर्व्हे भरायला देतात, त्यात घरची भाषा मराठी असेल तर मराठीच लिहा, मग बहुतेक मुलाची इंग्लिशची छोटी टेस्ट घेतील, इंग्लिश मीडियमचं असलं तरी. घाबरायचं काही नाही, पास झालं की विषय संपला, आणि मदत लागत असेल तर ती मिळणं हा त्याचा हक्कच आहे.

मुलाशी पैशाबद्दल बोलायची तयारी ठेवा. मित्राच्या घरी एका खोलीत पाच जण राहतात हे ते घरी येऊन सांगणार, आणि दुसऱ्याच्या घरी स्विमिंग पूल आहे हेही. बारा वर्षांच्या मुलाला हे सगळं दिसतं आणि समजतं, आपण विषय बदलला तर ते स्वतःच काहीतरी उत्तर बनवतं. पीटीएत, म्हणजे पालक-शिक्षक संघात, जाल तिथंही सगळ्या थरांतल्या पालकांना जागा आहे का बघा, मीटिंग संध्याकाळी आहे का, दुभाषी आहे का, फंडरेझर सोडून कशावर बोलतात का, आणि नसेल तर ते सुरू करायला तुमच्यासारखीच माणसं लागतात.

ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट 15 मध्ये, म्हणजे पार्क स्लोप, सनसेट पार्क, रेड हुक या भागात, 2019 च्या प्रवेशापासून मिडल स्कूलनं मार्क आणि हजेरी बघून मुलं निवडणंच बंद केलं. आता लॉटरी असते, आणि 52 टक्के जागांवर कमी उत्पन्नाच्या, इंग्लिश शिकणाऱ्या किंवा तात्पुरत्या घरात राहणाऱ्या मुलांना प्राधान्य. तिथले किंवा न्यूयॉर्कमधले कुठलेही पालक असाल तर फॉर्मवर शाळा खऱ्या आवडीच्याच क्रमानं लिहा, अमुक शाळा वर टाकली तर खालची हातची जाईल असं काही नसतं, वरची नाही मिळाली म्हणून खालच्या शाळेतला चान्स कमी होत नाही. आणि यादी भरण्याआधी मुलालाही त्यातल्या दोन-तीन शाळा दाखवा, रोज बसनं किंवा सबवेनं तिथं त्यालाच जायचंय.