सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये कार्बन आणि जीएफओ कसं वापरायचं

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकचं पाणी पिवळं पडलंय हे रोज बघणाऱ्याला कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. एका रविवारी पाणी बदलताना टँकमधून काढलेलं आणि नवं कालवलेलं मिठाचं पाणी, अशा दोन पांढऱ्या बादल्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. काढलेलं पाणी चक्क कोऱ्या चहात तांब्याभर पाणी ओतल्यासारखं दिसत होतं. आता दर वेळी मी तशाच दोन बादल्या ठेवून बघते. रंगात फरक दिसला की कार्बन, म्हणजे पाण्यातला रंग आणि विषारी द्रव्यं शोषणारा सच्छिद्र कोळसा, संपला असं समजायचं.

माझा टँक बदलापूरच्या घरी आहे. संप (टँकला जोडलेली, फिल्टरची उपकरणं ठेवायची वेगळी टाकी) धरून १८० लिटर पाणी, क्लाऊनफिश माशांची जोडी, आणि एक मोठं लेदर कोरल, झोआ आणि मशरूम ही मऊ, सांगाडा नसलेली कोरल. दगडी सांगाड्याचे हार्ड कोरल आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात, त्यामुळे कुणी गुपचूप देऊ केले तरी घ्यायचे नाहीत. म्हणजे आपले टँक सॉफ्ट कोरलचे, आणि म्हणूनच आपल्याला कार्बनची गरज जास्त. लेदर कोरलला जागेसाठी शेजाऱ्याशी भांडायचं असतं तेव्हा ते पाण्यात विषारी द्रव्यं सोडतं. समुद्रात ती वाहून जातात, १८० लिटरमध्ये कुठे जाणार? स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) थोडीफार काढतो, बाकीचं काम कार्बनचं.

कार्बन टणक, गोळीच्या आकाराचा घ्या. हातात चुरा होणारा नको. लिग्नाइट (मऊ कोळशाचा, सहज भुकटी होणारा) कार्बन वापरलेल्या टँकमध्ये सर्जनफिशच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर व्रण पडल्याचं प्रयोगात दिसलेलं आहे, म्हणून भुकटीच्या बाबतीत मी फार कडक आहे. नवा पुडा आणला की चमचाभर कार्बन वाटीभर आरओ पाण्यात रात्रभर ठेवून त्या पाण्याचा फॉस्फेट (शेवाळाचं खत) तपासते. काही कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात.

माझं माप ७५ ग्रॅम. जाळीच्या पिशवीत भरून आरओ पाण्यात बुडवते. सुरुवातीला बारीक चुरचुर ऐकू येते, ती छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या हवेची. दोन-तीन तास तसंच भिजू द्यायचं, मग काळं पाणी येणं थांबेपर्यंत खळबळून घ्यायचं. चोळायचं मात्र नाही. पिशवी संपमध्ये अशा जागी ठेवा की पाण्याला तिच्यातूनच जावं लागेल. कोपऱ्यात नुसती टांगलेली पिशवी फारसं काम करत नाही. तीन आठवड्यांनी कार्बन बदलते. लेदरने मेणचट साल टाकली किंवा घरात रंगकाम निघालं, तर त्याआधीच. वापरलेला कार्बन तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजून पुन्हा वापरता येत नाही, फेकून द्या.

आता जीएफओ, म्हणजे गंजाच्या रंगाचे लोहाचे दाणे. ते फॉस्फेट धरून ठेवतात. इथे घाई केलीत तर कोरल जातं, हे मी सोसून सांगतेय. माझ्या टँकचा फॉस्फेट ०.४ पीपीएमवर (दहा लाख भागांत ०.४ भाग) गेला होता, काचेवर दर दोन दिवसांनी हिरवा थर. मी एका झटक्यात पूर्ण मात्रा रिॲक्टरमध्ये, म्हणजे पंपाने दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात, घातली. तीन दिवसांत मीटर जवळजवळ शून्यावर आला, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ८.५ वरून ७ वर. लेदरने सगळे पॉलिप (फुलासारखी छोटी तोंडं) आत घेतले आणि ते तीन आठवडे उघडलं नाही. कडेचा एक झोआचा पुंजका तर गेलाच.

म्हणून पुड्यावरच्या मात्रेच्या पाव हिश्श्यापासून सुरुवात करा. लाल पाणी जाईपर्यंत धुऊन घ्या. प्रवाह इतकाच ठेवा की वरचा थर हलेल, भाताच्या आधणात उकळी फुटण्याआधी तांदूळ हलतात तसा. जास्त झाला तर दाणे एकमेकांवर घासून पीठ होतं, कमी झाला तर त्यांची ढेप बनते. आठवड्यातून दोनदा फॉस्फेट आणि अल्कलिनिटी मोजा. माझा हॅना कंपनीचा मीटर फॉस्फरस पीपीबीत (अब्ज भागांत किती भाग) दाखवतो. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतो. मला ०.०५ ते ०.१ पुरतो. शून्य नकोच. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही संपले की डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला शेंबडासारखा थर वाळूवर येतो, आणि तो घालवणं शेवाळापेक्षा कितीतरी कठीण. रिॲक्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आणि टँकचा फॉस्फेट सारखाच आला की दाणे बदलायची वेळ झाली.

दुकानात कार्बनबरोबर मिसळलेले पांढरे खडे मिळतात, ते झिओलाइट. गोड्या पाण्यात ते अमोनिया धरतं, खाऱ्या पाण्यात सोडियममुळे ते जमत नाही. त्या भरवशावर राहू नका. कार्बन आणि जीएफओसुद्धा अमोनियाला हात लावत नाहीत.

औषध घालायचं असेल तर आधी कार्बन काढा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकेल. उपचार संपले की नवा घाला. तांब्याचं औषध कोरलच्या टँकमध्ये कधीच नाही, मासा वेगळ्या टाकीत हलवायचा.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज पाच-सहा तास जाते. तेवढ्या वेळात बंद रिॲक्टरमधलं पाणी प्राणवायू संपून कुजायला लागू शकतं. वीज आली की पंप लगेच टँकला जोडू नका. बाहेर येणारी नळी बादलीत सोडा, पहिलं दोन-तीन लिटर पाणी जाऊ द्या आणि वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास आला तर दाणे काढून टाका. वास नसेल तर नळी परत संपमध्ये.